यादीत आपली नावं शोधताना

(युवक-युवतींच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला आहे ‘मुंबई विद्यापीठाचे नामवंत विद्यार्थी आणि प्राध्यापक’. संयोजकांनी फोनवर शेवटी हळूच जोडलं, “सर, त्यात आपले किती, तेवढं जरूर सांगा.” मी नोकरीभर कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, त्यामुळे हा प्रश्न मला पाठ आहे. दरवर्षी कुणीतरी मुलगा काउंटरवर यायचा. वार्षिक अंकासाठी नाहीतर ईद-मिलनाच्या फलकासाठी त्याला नावं हवी असायची. दहा-बारा मिळाली की खूश होऊन जायचा. एका मुलाने यादीत दिनशा मुल्ला हे नाव ठळक अक्षरांत घातलं होतं. का, तर आडनाव मुल्ला आणि पुस्तक मुस्लिम कायद्यावरचं. मी म्हटलं, “बेटा, हे पारशी.” त्याचा चेहरा पडला. पण एका पारशी माणसाने लिहिलेलं मुस्लिम कायद्याचं पुस्तक शंभराहून जास्त वर्षं कोर्टात चालतं आहे, ही गोष्ट त्या यादीपेक्षा कितीतरी मोठी होती. ती मात्र त्याला नको होती.

नावं शोधू नका, असं मी म्हणणार नाही. ज्यांना चारचौघांत सारखं विचारलं जातं की तुम्ही या देशात केलंत काय, ती मुलं यादी शोधणारच. मी तुम्हाला नावं देतो. फक्त प्रत्येक नावापाशी थोडं थांबू या. हा माणूस तिथपर्यंत कुणाच्या पैशाने पोचला, कुणापाशी शिकला, आणि जाताना विद्यापीठात काय ठेवून गेला, एवढं बघू या.

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ला. त्या दिवशी तिकडे दिल्लीला वेढा पडलेला होता. सुरुवातीचं विद्यापीठ म्हणजे काय होतं? लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारं आणि पदव्या देणारं मंडळ. शिकवणं कॉलेजात व्हायचं, आणि ती कॉलेजं सगळ्या मुंबई इलाख्यात पसरलेली. पुण्याचं डेक्कन कॉलेज मुंबईचं, अहमदाबादचं कॉलेज मुंबईचं, धारवाड मुंबईचं, थेट कराचीचं डी. जे. सिंध कॉलेजसुद्धा मुंबईचंच. पुणे, गुजरात, कर्नाटक ही विद्यापीठं निघाली १९४९च्या आसपास. म्हणजे टिळक पुण्यात शिकले तरी पदवीधर मुंबईचे. हे लक्षात ठेवा, पुढे कराचीचा एक माणूस येणार आहे.

पहिले बी.ए. १८६२ साली झाले. चौघेजण : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्यात आपलं नाव नाही. पण फार वर्षं थांबावं लागलं नाही. रहिमतुल्ला सयानी, १८४७चा जन्म, खोजा समाजातले. त्यांनी १८६०च्या दशकातच एम.ए. केलं, मग कायद्याची पदवी घेतली. १८९६ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. बद्रुद्दीन तय्यबजींनंतर या पदावर बसलेले ते दुसरे मुसलमान. फलकावर लावण्यासारखं नाव आहे, लावा. पण एका सयानींनी समाज शिकत नाही, हे तेव्हाच्या लोकांना समजलं होतं. बद्रुद्दीन आणि कमरुद्दीन हे तय्यबजी बंधू, आपल्या कोकणी समाजातले नाखुदा मोहम्मद अली रोगे, गुलाम मोहम्मद मुन्शी अशा मंडळींनी १८७४ साली अंजुमन-इ-इस्लाम काढली. आधी शाळा. कारण मॅट्रिकच झाली नाहीत तर मुलं कॉलेजात येणार कुठून? बोरीबंदरसमोरची अंजुमनची इमारत तुम्ही रोज लोकलमधून उतरल्यावर बघता. विद्यापीठाच्या आपल्या इतिहासातलं पहिलं पान त्या इमारतीत आहे, असं मी मानतो.

आता पैशाची गोष्ट. फोर्टमध्ये विद्यापीठाच्या जुन्या आवारात गेलात तर दीक्षांत सभागृहाला नाव आहे सर कावसजी जहांगीर यांचं. ते पारशी. शेजारी राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याने ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी पैसे दिले आणि मनोऱ्याला आईचं नाव दिलं. मनोरा १८७८ साली पुरा झाला. आपलं कोण, असं विचाराल तर जोगेश्वरीच्या टेकडीकडे बोट दाखवतो. जहाजांच्या धंद्यातल्या घराण्यातले सर मोहम्मद युसूफ यांनी मुसलमान मुलांच्या उच्च शिक्षणासाठी १९१४ साली सरकारला आठ लाख रुपये दिले. १९१४ सालचे आठ लाख! कॉलेज प्रत्यक्षात उघडलं १९३० साली. सोळा वर्षं लागली, सरकारी काम तेव्हाही असंच चालायचं. वडिलांच्या नावाने ते इस्माईल युसूफ कॉलेज. अरबी-फारसीची सोय होती, आणि दारं सगळ्यांना उघडी होती.

त्या कॉलेजात १९३० साली अरबीचे प्राध्यापक म्हणून कोण आले? उमर दाऊदपोता. कराचीचा माणूस येणार म्हणालो ना, तो हा. १८९६चा जन्म, सिंधमधल्या दादू जिल्ह्यातलं तलटी नावाचं खेडं, गरीब घर. शिष्यवृत्त्यांवर शिकत शिकत कराचीच्या कॉलेजात पोचले. १९२१ साली मुंबई विद्यापीठातून एम.ए. झाले, तेही अव्वल, आणि सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला जाऊन पीएच.डी. झाले. फारसी कवितेवर अरबी कवितेचा काय परिणाम झाला, हा त्यांचा विषय. परत आले, आणि १९३०च्या दशकात बरीच वर्षं जोगेश्वरीत शिकवलं. पुढे सिंधचे शिक्षणसंचालक झाले.

पण मला त्यांचं एक काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते ऐका. ‘तारीखे मासूमी’ हा सिंधचा फारसीतला जुना इतिहास. त्याच्या हस्तलिखित प्रती ताडून दाऊदपोतांनी संपादित आवृत्ती तयार केली. ती १९३८ साली कुणी छापली? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने. हो, तेच भांडारकर, १८६२च्या चौघांतले, त्यांच्या नावाची संस्था. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम जिथे चालू होतं तिथूनच सिंधचा फारसी इतिहास निघाला, आणि त्याचे संपादक जोगेश्वरीच्या कॉलेजातले अरबीचे प्राध्यापक. ही गोष्ट मी कुठल्या फलकावर अजून पाहिलेली नाही.

त्याच कॉलेजचं दुसरं नाव तुम्हाला जास्त ओळखीचं, कादर खान. कामाठीपुऱ्यात वाढलेला मुलगा, इस्माईल युसूफ कॉलेजचा विद्यार्थी. सिनेमात जाण्याआधी भायखळ्याच्या साबू सिद्दीकमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकवायचे. नाटकं लिहायचे, बसवायचे, आणि त्यातूनच सिनेमावाल्यांची नजर पडली. साबू सिद्दीक ही अंजुमनचीच संस्था. म्हणजे १८७४च्या त्या मंडळींचा धागा ‘अमर अकबर अँथनी’च्या संवादांपर्यंत येतो. हसा, पण खरं आहे.

आता जरा सावकाश बोलू, कारण माझ्या मते या विद्यापीठाचा सगळ्यात श्रीमंत कोपरा पुढे आहे. चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय. स्थापना १८५५, म्हणजे विद्यापीठाहून दोन वर्षांनी मोठं. टिळकांनी कायद्याची पदवी इथूनच घेतली. पांडुरंग वामन काणे, म्हणजे धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिणारे, पुढे भारतरत्न झाले ते. आपल्या चिपळूण-दापोलीकडचे. त्यांनी इथे कायदा शिकवला. मोहम्मद करीम छागला ऑक्सफर्डहून आले, हायकोर्टात वकिली चालेना, तेव्हा १९२७ ते १९३० इथे प्राध्यापक होते. डॉ. आंबेडकरांनी इथे शिकवलं आणि १९३५ साली ते इथले प्राचार्य झाले. येवल्याला त्यांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ अशी घोषणा केली, तेव्हा ते या कॉलेजचे प्राचार्य होते. आणि १९३८ साली त्याच खुर्चीवर बसले आसफ अली असगर फैजी.

डोळ्यासमोर आणा. हिंदूंच्या धर्मशास्त्राचा सगळ्यात मोठा अभ्यासक, जातिव्यवस्थेवर सगळ्यात मोठा घाव घालणारा माणूस, आणि मुस्लिम कायद्याचा विसाव्या शतकातला एक मोठा जाणकार. तिघेही एकाच कॉलेजचे शिक्षक, आगेमागे काही वर्षांच्या फरकाने. आज ‘समान नागरी कायदा’ हे तीन शब्द उच्चारले की टीव्हीवर आरडाओरडा सुरू होतो. या तिघांचीही मतं वेगळी होती. पण तिघांनीही आधी मूळ ग्रंथ वाचले होते. काण्यांनी संस्कृत, फैजींनी अरबी, आंबेडकरांनी जे जे हाताला लागेल ते.

आणि १९४७. फाळणीचं वर्ष. लाहोर, अमृतसर, दिल्ली पेटलेली. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते छागला. ते मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले, आणि त्यांच्यानंतर कुलगुरूंच्या खुर्चीवर आले काणे. एका मुसलमान कायदेपंडिताकडून एका संस्कृत पंडिताकडे सूत्रं गेली. त्या साली, त्या हवेत. यात कुणाला काही विशेष वाटल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. छागला पुढे केंद्रात शिक्षणमंत्री झाले. त्यांची सगळी मतं आपल्या समाजाला पटली नाहीत, आजही पटत नाहीत. यादीत नाव घालायचं की नाही यावरून मुलं माझ्यासमोर भांडलेली आहेत. मी त्यांना म्हणायचो, आधी त्यांचं आत्मचरित्र घेऊन जा, आठ दिवसांनी भांडा. घेऊन जाणारे थोडे, भांडणारे जास्त.

फैजींकडे परत येतो, कारण माझा सगळ्यात लाडका माणूस तोच. १८९९ साली माथेरानला जन्म. सुलेमानी बोहरा घराणं. सेंट झेवियर्स, मग कायदा, मग केंब्रिज. १९४९ साली त्यांचं मुस्लिम कायद्यावरचं पाठ्यपुस्तक आलं. वकिलांच्या कपाटात आणि कोर्टाच्या निकालांत ते अजून भेटतं. स्वातंत्र्यानंतर इजिप्तमध्ये राजदूत, मग केंद्रीय लोकसेवा आयोगाचे सदस्य, मग जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू, १९६२ला पद्मभूषण. आपल्या यादीत येतं ते एवढंच.

यादीत न येणारं सांगतो. इस्माइली पंथाचे ग्रंथ शतकानुशतकं समाजाच्या आत, हाताने नकलून जपलेले होते. बाहेरच्याच काय, आतल्या सामान्य माणसालाही ते सहज बघायला मिळत नसत. दहाव्या शतकात काझी नुमान नावाचे फातिमी काळातले मोठे कायदेपंडित होऊन गेले. त्यांचा ‘दआइमुल इस्लाम’ हा ग्रंथ फैजींनी प्रती जुळवून, पाठभेद नोंदवून संपादित केला आणि तो कैरोहून दोन खंडांत निघाला. हे काम त्यांनी नोकऱ्या सांभाळत, वर्षानुवर्षं केलं. आणि स्वतःजवळचा इस्माइली हस्तलिखितांचा संग्रह? तो घरात ठेवला नाही, कुठल्या परदेशी विद्यापीठाला विकला नाही. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकला. १९६५ साली विद्यापीठाने त्याची वर्णनात्मक सूची छापली, तयार केली मुइझ गोरियावाला यांनी. आज जगात कुणीही इस्माइली इतिहासावर काम करायला बसला की त्याला ‘मुंबई विद्यापीठ, फैजी संग्रह’ ही नोंद भेटते.

मी ग्रंथपाल, त्यामुळे सूची म्हटलं की मला जरा जास्तच उमाळा येतो, माफ करा. पण सूची करणं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असावं. एक पोथी उघडायची. पहिलं पान बहुधा फाटलेलं, नाव नाही. आतला मजकूर वाचून ग्रंथ कुठला ते ओळखायचं. शेवटी नकलणाऱ्याने आपलं नाव, तारीख, गाव लिहिलं असेल तर ते लावायचं, हिजरी सालाचं इसवी साल करायचं. ओळी, पानं, कागद, शाई, वाळवी किती, सगळं नोंदवायचं. मग पुढची पोथी. वर्षं जातात. नाव होत नाही. फैजींच्या संग्रहाच्या आधी, १९३५ साली, विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची अशीच सूची फारसीचे प्राध्यापक शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी केली होती. त्याच ग्रंथालयातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची पुढे गो. वि. देवस्थळींनी केली. सरफराज आणि देवस्थळी ही नावं तुमच्यापैकी कुणी ऐकली आहेत? हात वर करा. नाही ना. मला वाटलंच.

आता मी विद्यापीठाच्या हद्दीबाहेर थोडा जाणार आहे, पण कारण आहे. इथवर जी माणसं आली ती बहुतेक आपापल्या परंपरेचे ग्रंथ वाचणारी. मला जास्त भावतात ती शेजाऱ्याची भाषा शिकलेली माणसं. डॉ. आंबेडकरांचंच घ्या. शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. एल्फिन्स्टन कॉलेजात बी.ए.लाही त्यांचा फारसी विषय होता. म्हणजे आपण ‘आपली’ म्हणतो ती भाषा त्यांच्या वाट्याला अन्यायातून आली, पण आली. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथपाल होते पु. म. जोशी. विजापूरच्या आदिलशाहीचे अभ्यासक. त्यांनी आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक हारून खान शेरवानी यांनी मिळून मध्ययुगीन दख्खनचा इतिहास दोन खंडांत संपादित केला. १९७०च्या दशकात तो प्रसिद्ध झाला. पुण्यात ग. ह. खरे यांनी शिवकाळाची फारसी साधनं छापली. सेतुमाधवराव पगडींनी मोगलांच्या फारसी तवारिखा मराठीत आणल्या. मराठी माणसाला औरंगजेबाच्या दरबारातली बातमी मूळ कागदावरून मिळते ती या माणसांमुळे.

आणि उलट्या दिशेने? औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात मराठी विभागाचे प्रमुख होते यू. म. पठाण. यूसुफखान महंमदखान पठाण, करमाळ्याचे. महानुभावांच्या पोथ्या आणि संतसाहित्य हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २००७ला पद्मश्री. ते सकळ लिपीतल्या पोथ्यांवर बोलायला उभे राहिले की समोर बसलेल्या कुणालाही त्यांचं आडनाव आठवत नसे.

आता तुमच्याशी थेट बोलतो. गेली काही वर्षं तुमच्या फोनवर रोज इतिहास येऊन पडतो. अमक्या किल्ल्यावर काय झालं, तमक्या सुलतानाने काय केलं, अफझलखान, औरंगजेब, टिपू. त्यावरून गावात दंगल होते, दुकानं जळतात, तुमच्या मित्राला पोलीस उचलून नेतात. तुम्ही रात्रभर उत्तरं टाइप करता. काय पुरावा देता? दुसऱ्याच कुणी फॉरवर्ड केलेला मजकूर. ज्या कागदावर ती गोष्ट मुळात लिहिली आहे तो फारसीत आहे, नाहीतर मोडीत आहे. त्यातलं बरंच काही मुंबई, पुणे, हैदराबादच्या दप्तरखान्यांत आणि ग्रंथालयांत पडून आहे. ते वाचू शकणारी माणसं म्हातारी झाली. फारसीच्या वर्गात मुलं कमी, हे मी स्वतः पाहत आलो आहे. मोडीचे वर्ग चालतात, त्यात आपली मुलं क्वचित दिसतात.

आणि गंमत बघा. उर्दू ज्याच्या कानावर लहानपणापासून आहे, त्याला फारसीची लिपी येते, निम्मे शब्द येतात. मराठी ज्याची शाळेची आणि गल्लीची भाषा आहे, त्याला मोडी महिन्या-दोन महिन्यांत वाचता येते. दोन्ही एकत्र कुणाकडे आहे? या हॉलमध्ये बसलेल्या बऱ्याच जणांकडे. खऱ्यांना फारसी परकी भाषा म्हणून मुळाक्षरांपासून शिकावी लागली. पठाणसरांनाही पोथ्यांची लिपी बसून शिकावी लागली. तुम्ही निम्मा रस्ता जन्मतःच चालून आला आहात, आणि सगळे जण बी.कॉम.ला जाता.

माहीत आहे मला. घरी विचारतात, फारसी घेऊन खाणार काय? प्रश्न खोटा नाही, आणि मी त्याला पुस्तकी उत्तर देणार नाही. पोट आधी. पण फैजी वकील होते, राजदूत होते. हस्तलिखितांचं काम त्यांनी त्यासोबत केलं. काणे हायकोर्टात वकिली करत होते. पगडी तर सरकारी अधिकारी. यांच्यापैकी कुणालाही आयुष्यभर फक्त पोथ्या वाचण्याचा पगार मिळाला नाही. बी.कॉम. करा, बँकेत लागा. आठवड्यातून दोन संध्याकाळी मोडी शिका. पाच जणांनी शिकलं तरी पुढच्या वेळी गावात एखादी सनद निघाली, दर्ग्याच्या इनामाचा कागद निघाला, तर तो वाचायला तुम्हाला कुणाच्या दारात जावं लागणार नाही.

पदवीच नसली तर? तेही विचारून घेतो, कारण तुमच्यात काहीजण मधेच कॉलेज सोडलेले आहेत. सलीम अलींना विद्यापीठाची पदवी नव्हती. झेवियर्समध्ये शिकले, पण पदवीपर्यंत गेलं नाही. पक्षीशास्त्रज्ञाची एक सरकारी जागा त्यांना पदवी नाही म्हणून मिळाली नाही. पुढे याच मुंबई विद्यापीठाने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला संशोधनाचं केंद्र म्हणून मान्यता दिली आणि सलीम अली तिथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक झाले. मात्र हे उदाहरण घरी जपून वापरा. सलीम अलींनी कॉलेज सोडल्यावर काय काय केलं, किती जंगलं तुडवली, किती टिपणं ठेवली, ते आई विचारेल.

एक गोष्ट राहिली. आतापर्यंत मी नावं घेतली ती सगळी पुरुषांची. विद्यापीठाने मुलींना दार उघडलं १८८३ साली, म्हणजे तोवर पदव्या फक्त पुरुषांच्या. पहिली पदवीधर स्त्री कॉर्नेलिया सोराबजी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून. पुढे इरावती कर्वे आल्या, त्यांनी घुर्यांकडे समाजशास्त्रात एम.ए. केलं. उषा मेहता आल्या, भूमिगत रेडिओ चालवून तुरुंगात जाऊन आल्या आणि नंतर विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. आपल्यातल्या झीनत शौकत अली यांनी झेवियर्समध्ये वर्षानुवर्षं इस्लामचा अभ्यास शिकवला, निकाह आणि तलाक यांवर पुस्तक लिहिलं. फैजींनी ज्या प्रश्नांना हात घातला, त्यांना एक स्त्री कशी भिडते ते त्यात वाचायला मिळतं. पण एकूण आपल्या मुलींची नावं जुन्या कागदांत शोधायला गेलं की हात रिकामे येतात. त्या शिकल्याच नाहीत असं नाही. कॉलेजांची जुनी हजेरीपत्रकं, वसतिगृहांची रजिस्टरं, वार्षिक अंक कुणी चाळलेले नाहीत. इस्माईल युसूफच्या, महाराष्ट्र कॉलेजच्या, अंजुमनच्या कॉलेजांच्या पहिल्या तुकड्यांत कोणत्या मुली होत्या, त्यांचं पुढे काय झालं? त्यांच्यातल्या काही आज तुमच्या आजी असतील. हे काम कराय‍ला फारसी लागत नाही, मोडी लागत नाही. एक वही आणि बसायची तयारी लागते.

मी माझा फोन नंबर संयोजकांकडे दिलेला आहे. कुणाच्या घरी पेटीत जुना कागद असेल, उर्दू, मोडी, फारसी काहीही, तर आधी त्याला प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करू नका. लॅमिनेट केलेला कागद पुढे वाचवता येत नाही. फोटो काढा, सावलीत कोरड्या जागी ठेवा, आणि मला कळवा.

आता प्रश्न विचारा. मागे बसलेल्या मुलींपासून सुरुवात करू या.